मिटवा हवालदार

आबांना 'निर्दोष' हा शब्द ऐकूच येत नसे. कान चांगले शाबूत होते. फाटकाशी कुणी त्यांचं नाव काढलं तरी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांना कळायचं. पण मी तावातावाने म्हणावं, "आबा, हा माणूस निर्दोष आहे, मी केस लढवणार," की ते टोपी काढून डोकं खाजवत आणि शांतपणे विचारत, "व्हय, ते हाय. पर मिटवायचं कवा?"

आमच्या दुष्काळी तालुक्याच्या कोर्टात ते पैरवी हवालदार होते. म्हणजे पोलीस ठाण्याचा कोर्टातला माणूस. साक्षीदार आले का, आरोपी हजर आहेत का, समन्स पोचलं का, हे सगळं त्यांच्या काखेतल्या फायलीत आणि त्याहून जास्त डोक्यात असायचं. मी सांगलीहून वकिली शिकून नवा कोरा काळा कोट घालून तिथे आले, तेव्हा त्यांची तिथली निम्मी नोकरी झाली होती. खरं नाव कुणी घेत नसे. तोंडावर आबा आणि माघारी मिटवा हवालदार. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता.

किरकोळ गुन्ह्यांचा दिवस असला की त्यांच्या अंगात वारं भरायचं. एसटी स्टँडवर दारू पिऊन आरडाओरडा केलेला, लिंबाखाली तीन पानी खेळताना सापडलेला, लायसन नसताना ट्रॅक्टर पळवलेला, रस्त्यावर हातगाडी लावून रहदारी अडवलेला, असे सगळे व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसलेले असत. आबा त्यांच्यासमोर उकिडवे बसत आणि शाळा घेत. "हात म्होरं जोडायचं. मान खाली. सायबांनी इचारलं, गुन्हा कबूल हाय का, तर एकच शबूद. कबूल. पुराण लावायचं न्हाई. दंड भरायचा, पावती घ्यायची, केस मिटली. दुपारच्या गाडीनं घरला." आणि खरंच, बहुतेक जण दुपारच्या गाडीने घरी जात.

मला त्यांचा भयंकर संताप यायचा. माझ्याकडे येऊ घातलेला पक्षकार ते व्हरांड्यातच वळवत. एकदा मी भरल्या व्हरांड्यात भांडले. "आबा, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय!" तर म्हणाले, "आवं वकीलबाई, तुमचं प्वाट मोठ्या केशीनं भरंल. ह्याची शंभराची कोंबडी चोरीला गेलीया आन् शिव्या दिल्या म्हणून हाच आरोपी झालाय. ह्याला कशाला सात वर्सं फिरवताय?" सगळा व्हरांडा हसला. मी पाय आपटत बाररूममध्ये गेले, आणि थोड्या वेळाने त्यांनीच चहा पाठवला. त्यात साखर दुप्पट होती.

सात वर्षं हा आकडा त्यांचा ठरलेला होता, आणि तो कुठून आला हे मला उशिरा कळलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. कुणाच्या तरी शाळूच्या पिकात मेंढरं शिरली म्हणून भांडण झालं, केस झाली. म्हातारा म्हणाला, मी न्हाई केलं, मी न्हाई कबूल करणार. दर तारखेला कळप कुणाच्या तरी भरवशावर टाकून तो चालत कोर्टाला येई. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर. "सात वर्सांनी सुटला म्हातारा. निर्दोष! पेढं वाटलं," आबा सांगत होते. "पर तवर मेंढरं संपली हुती. कायी मेली, कायी इकली, कायी लोकांनी कापून खाल्ली. त्या निर्दोषाचं काय करायचं, सांगा मला."  त्या दिवसापासून माझा राग निम्म्यावर आला.

कोर्ट उठेपर्यंत कैद, अशी एक शिक्षा असते. किरकोळ गुन्ह्यात दंडाबरोबर साहेब ती देतात. तुरुंग नाही, बेड्या नाहीत. फक्त साहेब आसनावरून उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं. अशांना आबा 'पावणे' म्हणत. "आज किती पावणं?" असं शिपायाला विचारून ते त्या हिशेबाने घरून भाकरी आणत. डबा सोडून लसणाची चटणी आणि भाकरी ते आरोपीला मागच्या व्हरांड्यात नेऊन खायला घालत, आणि परत आणून बाकावर बसवत. कायद्यात ते बसतं की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

नवा कायदा आला आणि दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देता येऊ लागली, तेव्हा मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. झाडलोट, झाडं लावणं, असं काही साहेब सांगू शकतात म्हटलं. आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "दारूड्याला शाळा झाडाय धाडणार व्हय? शाळंनं काय गुन्हा केलाय?" पण मनातून त्यांना ते आवडलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात व्हरांड्याच्या शाळेत नवा धडा सुरू झाला: "झाडू मारायला लावला तर मारायचा. लाजायचं न्हाई. घरात बायको मारतीच की."

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

त्यांच्या गावात त्या उन्हाळ्यात टँकर बारा दिवस आला नाही. बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन रस्ता अडवला. तासाभरात तहसीलदार आले, टँकर कबूल केला, बायका उठल्या. पण जमावबंदीचा हुकूम लागू होता. तो मोडला म्हणून एकोणीस बायकांवर गुन्हा दाखल झाला. त्या एकोणिसात आबांची बायको होती, आणि मुलगी मनीषाही होती. मनीषा बी.ए. झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी, रोज पहाटे माळावर पळणारी पोरगी. वर्दी आपल्या घरात पुन्हा यायची म्हणून आबांनी तिला पायांत घालायला सांगलीहून बूट आणले होते आणि ते बूट त्यांनी अख्ख्या बाररूमला दाखवले होते.

त्या दिवशी व्हरांड्यात नुसता कालवा. काकू सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी पोलिसात असून तुमच्याच बायकोला आरोपी करत्यात, आन् तुमी फायली संभाळताय!" आबा खाली मान घालून हसत होते. मी पुढे झाले. म्हटलं, आबा, हे मी फुकट लढवते. पाणी मागितलं, चोरी नाही केली. ते मला बाजूला घेऊन गेले. "वकीलबाई, एकोणीस बाया. दर तारखंला एकोणीस जणींचा रोजगार बुडायचा. दोघी म्हाताऱ्या, एक बाळंतीण. किती वर्सं आणू ह्यांना? मिटवू द्या."

आणि मी गप्प बसले. इथे खोटं बोलून उपयोग नाही. माझी दुपारी दुसरी केस होती, एकोणीस वकीलपत्रांवर सह्या-अंगठे घ्यायचा मला कंटाळा आला होता, आणि आबांचं म्हणणं पटतही होतं. मनीषा भरतीला उतरणार आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

साहेबांनी एकेकीला विचारलं. वत्सलाबाई म्हणून सत्तरीची म्हातारी होती; ती म्हणाली, "कबूल हाय सायेब, पर पानी काय अजून आलं न्हाई." आबा मागून मोठ्याने खोकले. साहेबांनीही कागदात तोंड घातलं. मनीषाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आम्ही फक्त पाणी मागितलं." साहेब समजुतीने म्हणाले, "कबूल आहे की नाही, एवढंच सांगा." तिने दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटून मान हलवली. "कबूल," ती म्हणाली. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद झाली. एकोणीस बायका मागच्या बाकांवर बसल्या, कुणीतरी ओच्यातून पेरणीसाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि साहेब उठेपर्यंत त्यांनी निम्मं बियाणं फोडलं. टरफलं त्यांनीच गोळा करून नेली. आबा दुसऱ्या दिवशीही ते आठवून हसत होते.

पुढच्या वर्षी मनीषा सांगलीच्या भरतीत निवडली गेली. धावण्यात पहिली, लेखीत वरच्या दहात. आबांनी कोर्टात पेढे वाटले.  निवड झालेल्याने एक फॉर्म भरायचा असतो, साक्षांकन नमुना म्हणतात त्याला. शिक्षण, पत्ता, नातेवाईक, सगळं त्यात लिहायचं. त्यात एक रकाना असतो: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, दंड किंवा शिक्षा झाली आहे का? मनीषाचं पेन तिथे थांबलं. आबा समोरच बसले होते. "न्हाई लिही," ते म्हणाले. "ती केस मिटली न्हवं का." तिने पुन्हा विचारलं, "नक्की, आबा?" तर चिडले. "अगं, तीस वर्सं कोर्टात घालिवली मी. मिटल्याली केस लिवत्यात व्हय कोण?"

हे त्यांनी लबाडीने सांगितलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आमच्याकडे सगळेच तसं बोलतात. पावती मिळाली, केस मिटली. मिटली म्हणजे नाहीशीच झाली. पाटीवरचं पुसावं तशी. आबांनी जन्मभर तो शब्द वापरला आणि त्या शब्दावर त्यांचा स्वतःचा पुरता विश्वास बसला होता.

चारित्र्य पडताळणीत ते निघालं. निघायचंच. कोर्टाच्या दप्तरात मनीषाचं नाव 'दोषी' म्हणून लिहिलेलं होतं. नोटीस आली: आपण शिक्षेची माहिती दडवली, तरी आपली निवड रद्द का करू नये, सात दिवसांत खुलासा करा, समितीपुढे हजर व्हा. नोटीस घेऊन बाप-लेक माझ्या ऑफिसात आले. आबा वर्दीत होते. पहिल्यांदाच ते माझ्या टेबलाच्या पलीकडे, पक्षकाराच्या खुर्चीवर बसले.

मी सांगत गेले. आबा, केस निकाली निघते, गुन्हा मात्र सिद्ध होऊन राहतो. कबूल म्हणणं म्हणजे, हो, मी गुन्हेगार आहे, असं म्हणणं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "मग अपील करूया." मी म्हटलं, आपणहून कबूल केलेल्या असल्या बारक्या गुन्ह्याला अपील नसतं. फेरतपासणीसाठी, रिव्हिजन म्हणून, वरच्या कोर्टात जाता येईल. पण तिथं जिंकलो तरी केस पुन्हा पहिल्यापासून चालणार, म्हणजे पोरीवर खटला उभाच, आणि खटला उभा असला तरी नोकरी अडते. "म्हंजे पुढनं बी बंद आन् मागनं बी बंद," आबा म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी जे विचारलं ते मी विसरू शकत नाही. "वकीलबाई, मग मी इतक्या लोकास्नी काय सांगत हुतो?"

ते बोटांवर मोजायला लागले. चौफुल्यावरचा तो चहावाला, त्याचा मुलगा सैन्यात जाणार होता का स्वतःच जाणार होता? तो ट्रॅक्टरवाला कोण? ती नर्सची परीक्षा देणारी मुलगी, भांडणात नाव आलेली? मी त्यांचा हात धरून खाली ठेवला. म्हटलं, आबा, आज फक्त मनीषाचं बघू.

एकच वाट होती. गुन्हा अगदी किरकोळ होता आणि असे गुन्हे समिती माफही करते. अडचण होती ती लपवण्याची. लपवलं नाही, चुकीच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं, हे समितीला पटलं तर निवड वाचण्याची आशा होती. आबा ताडकन म्हणाले, "माझ्या सांगण्यावरनं लिवलं. लिवा तसं. मी सही करतो." मी पेन खाली ठेवलं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. पोलीस हवालदाराने भरतीच्या फॉर्मात खोटी माहिती लिहायला लावली, असं त्याच्याच सहीने कागदावर आलं तर खात्याची चौकशी लागणार, आणि चौकशी लागली की पेन्शन अडकून पडणार. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. दोनदा सांगितलं.

"पेन्शन मला खायची हाय, तिला न्हवं," ते म्हणाले. "तुमी लिवा." मी लिहिलं. त्यांनी ते नीट वाचलं, एक काना राहिला होता तो दाखवला, आणि सही केली.  मनीषा नोटिशीची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. मी तिला समजावलं, वकिलाला आत घेत नाहीत, तू एकटी जाशील; सगळं खरं सांग आणि म्हण, वडील बाहेर कागद घेऊन थांबलेत, त्यांना बोलवा. ती म्हणाली, "बरं, मॅडम."

सांगलीला आम्ही तिघं एसटीने गेलो. आबांनी कडक इस्त्रीची वर्दी घातली होती, बुटांत तोंड दिसत होतं. वाटेत ते समितीच्या साहेबांपुढे काय बोलायचं त्याची घोकंपट्टी करत होते, ओठ हलत होते. "हात म्होरं का मागं?" त्यांनी मला विचारलं. "म्हंजे मी वर्दीत असताना. सलाम करीन आधी." मी म्हटलं, आबा, तुम्हाला कोण शिकवणार? ते ओशाळं हसले. "दुसऱ्याचं सोपं असतंय वो."

पोलीस मुख्यालयाच्या आवारात सायकली लावायच्या पत्र्याखाली आम्ही बसलो. मनीषाचं नाव पुकारलं, ती आत गेली. आबा उठून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. कधीही हाक येईल, तेव्हा उठताना घाई दिसायला नको म्हणे. खिशातला कागद त्यांनी तीनदा चाचपला. दहा मिनिटंही झाली नसतील, मनीषा बाहेर आली. तिच्यामागे शिपाई आला आणि त्याने पुढच्या उमेदवाराचं नाव घेतलं.

"मला?" आबा म्हणाले. "मला न्हाई बोलावलं?"

मी तिला बाजूला घेतलं. काय झालं, म्हणून विचारलं. ती अगदी सरळ आवाजात बोलली. "साहेबांनी विचारलं, हे लिहायला कुणी सांगितलं होतं का? मी नाही म्हणाले. मला माहीत होतं, नोकरी जाईल म्हणून मीच लपवलं, असं सांगितलं." माझा आवाज चढला. "अगं, वेडी आहेस का? खोटं का बोललीस? निवड गेली तुझी!" तिने माझ्या खांद्यावरून बापाकडे पाहिलं. "मॅडम, मी पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी बघीन. ते आता सत्तावन्न वर्षांचे आहेत. त्यांना पुढच्या वर्षी कोण दुसरी पेन्शन देणार?"

आबा हे सगळं ऐकत उभे होते. त्यांचे कान चांगले शाबूत होते, ते मी सांगितलंच आहे.  पोरीवर ते ना रागावले, ना त्यांनी तिला जवळ घेतलं. त्या समितीच्या बंद दाराकडे ते दोन पावलं गेले, तिथल्या शिपायाने हात आडवा केला आणि म्हणाला, "दादा, यादीतलेच फक्त." हवालदाराच्या वर्दीतल्या माणसाला तो दादा म्हणाला. आबा मागे आले.

मग त्यांनी खिशातून तो सही केलेला कागद काढला, उलगडला, पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"वकीलबाई," ते म्हणाले, "ह्यो आता कुटं द्यायचा?"

मी तो घेतला. मनीषाची निवड रद्द झाली. दोन महिन्यांनी आबा निवृत्त झाले, हार-नारळ झाला, पेन्शनही सुरळीत सुरू झाली. त्यानंतर ते कोर्टाच्या आवारात एकदाही आले नाहीत. कागद माझ्याकडेच आहे. कुठे द्यायचा ते मला अजूनही कळलेलं नाही.